उन्हाचा कांदा

माझं माहेर चांदवडकडचं. हायवे सोडून आत गेलं की माळावर एक वस्ती लागते, तिथलं. एसटी दिवसातून दोनदा यायची, आणि तीसुद्धा वळायला जागा मिळते म्हणून येते असं आमची आई म्हणायची. शाळा चौथीपर्यंत होती, पाचवीला दुसऱ्या गावाला जावं लागे, मधे नाला होता, आणि आई म्हणाली पोरीला लिहिता-वाचता आलं ना, झालं मग, आता कांद्यावर चल. म्हणून मी चौथी शिकले. गुरुजी म्हणायचे कुसुमचं अक्षर चांगलं आहे पण तोंड उघडत नाही, कविता पाठ असते आणि उभी केली की घाम फुटतो. ते तसंच राहिलं बघा. ताई, तुम्ही म्हणालात समोर बस आणि सांग, मी लिहून घेते. मी तीनदा आले तुमच्याकडे आणि तीनदा चहा पिऊन परत गेले. म्हणून ही वही. जसं बोलले असते तसंच लिहिते, तुम्ही सरळ करून घ्या, आणि झालं की वही मला परत द्या.

आमच्याकडे कांदा म्हणजे काय ते काय सांगू तुम्हाला. उन्हाळ कांदा निघाला की कांदाचाळीत भरायचा, मग आई आणि मी निवडायला बसायचो, मोठा एकीकडे, बारकी गोल्टी एकीकडे, सडका लांब. ट्रॅक्टर भरून लासलगावला गेला की पुन्हा दुसऱ्याच्या चाळीत. हाताचा वास जायचा नाही. लग्नात हळद लागली तरी खाली कांद्याचा वास होताच, आमचे हे अजून चिडवतात, म्हणतात मी तुला डोळे झाकून ओळखलं असतं.

तर ऊन. माळावर झाड नाही, सावली म्हणजे चाळीची, आणि वस्तीवरचं कुत्रं दुपारभर चाळीच्या खाली पडून राहायचं, खालून वारा जातो ना तिथं. घरातून निघताना आई आमच्या प्रत्येकाच्या कमरेला एक कांदा खोचायची. म्हणायची कांदा ऊन पितो, मग ते तुम्हाला लागत नाय. दुपारी भाकरीबरोबर कच्चा कांदा बुक्कीने फोडून खायचाच, नाही खाल्ला तर आई पुढे बसून खायला लावायची. एकदा माझा धाकटा भाऊ दत्तू शेतात चक्कर येऊन पडला, अंग तव्यासारखं, डोळे वर. आईने कांदा ठेचला, रस त्याच्या तळपायाला चोळला, टाळूवर ठेचा बांधला, गुळाबरोबर दोन चमचे रस तोंडात घातला. संध्याकाळी दत्तू उठून बसला आणि भाकर मागितली. मी तेव्हा आठ वर्षांची असेन. माझ्या डोळ्यांसमोर तो उठला. एवढं मी पाहिलं आहे, म्हणून सांगते. पुढे जे झालं ते वेडेपणाने नाही झालं, मी उठलेला भाऊ पाहिला होता.

लग्न होऊन नाशिक रोडला आले त्याला आता सव्वीस वर्षं झाली. यांची रिक्षा आहे, स्टेशनवर असतात. मी चार घरी पोळ्या आणि भाज्या करते. बाकी घरं बदलली, काकांचं घर नाही बदललं. काका प्रेसमधून रिटायर झालेले, बैठं घर, मागे पेरूचं झाड आणि थोडी मोकळी जागा. काकू होत्या तेव्हा त्या बोलायच्या आणि मी ऐकायचे, माझ्यासारखीला ते बरं असतं. जिमीला काकूंनीच आणला होता, एवढासा, पांढरा, नुसता केसांचा गोळा. काकू तीन वर्षांपूर्वी गेल्या तेव्हा तो त्यांच्या पलंगासमोर दोन दिवस बसून होता, आणि मग एक दिवस उठून काकांच्या खुर्चीजवळ जाऊन बसला, तिथून पुढे ती त्याची जागा झाली. काकांचं आणि त्याचं बोलणं चालायचं. काका म्हणायचे जिमीराव, आज कुसुमने मीठ जास्त घातलं, बोलू का नको? आणि मी आतून ऐकते आहे हे त्यांना माहीत असायचं.

माझ्याकडे तो कधी भुंकला नाही. मी फाटक उघडलं की येऊन माझ्या पायावर बसायचा, नुसता बसायचा. मला बोलावं लागायचं नाही आणि त्यालाही.

ह्या उन्हाळ्यात काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, पुण्याला, मुलीकडे. दीड महिना तरी राहावं लागणार. मुलीच्या सोसायटीत वर पाचव्या मजल्यावर घर, जावयाला कुत्र्याच्या केसांनी शिंका येतात. काका चार दिवस तेच बोलत होते, कुठे ठेवू ह्याला, त्या ठेवायच्या जागा असतात तिथं पिंजऱ्यात घालतात, ह्याला नाही जमायचं. मी पोळ्या लाटत होते. मी म्हणाले मी ठेवते. काका म्हणाले काय? मी पुन्हा म्हणाले, मी ठेवते, इथंच, दुपारभर येऊन बसेन, आणि झोपायला हे येतील. एवढं सलग मी त्यांच्याशी पहिल्यांदा बोलले असेन. काका जिमीला म्हणाले ऐकलंस का रे, मुकी बाई बोलली.

जायच्या आदल्या दिवशी त्यांनी कागद लिहिला आणि फ्रिजवर चिकटवला. प्रेसमधलं अक्षर, छापल्यासारखं. सकाळी सातच्या आत फिरवून आणायचं आणि मग दिवे लागल्यावर. रस्त्यावर नेण्याआधी आपला उलटा हात डांबरावर ठेवून बघायचा, आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो. पाणी तीन ठिकाणी, एक मातीच्या परळात, तासाला बदलायचं. अकराला कूलरमध्ये पाणी. धापा टाकायला लागला तर पोट आणि पंजे साध्या पाण्याने पुसायचे, बर्फाच्या पाण्यात बुडवायचा नाही. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवायचा नाही, आत उष्णता कोंडते. केस कापायचे नाहीत, ते केस त्याचं ऊन अडवतात. दहीभात, ताक बिनमिठाचं, कलिंगड बी काढून. चॉकलेट द्यायचं नाही. द्राक्षं द्यायची नाहीत, एकसुद्धा नाही.

मी सगळा कागद दोनदा वाचला. द्राक्षाचं वाचून मला नवल वाटलं, म्हणजे आपल्या नाशिकात द्राक्षं खाऊ नये असं जनावर. पण लिहिलं होतं म्हणून मी ऐकलं. जे जे लिहिलं होतं ते सगळं मी पाळलं ताई, एक अक्षर चुकवलं नाही. मी रोज डांबरावर हात ठेवत होते, लोक बघायचे, म्हणायचे हिचं काही पडलं का.

काका रोज संध्याकाळी फोन करायचे. ऑपरेशन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा केला. मी फोन स्पीकरवर लावून जिमीच्या पुढे धरायचे. काका म्हणायचे जिमीराव, जेवलात का, कुसुमला त्रास देत नाही ना. तो मान वाकडी करून फोनकडे बघायचा, मग दाराकडे जायचा, मग परत येऊन फोनकडे बघायचा. मी काकांना म्हणायचे दाराकडे गेला. एवढंच सांगायचे मी. त्यांना तेवढं पुरायचं.

मग ते ऊन सुरू झालं. नाशिकला लोक हवा खायला यायचे म्हणतात, ते दिवस आता गेले. त्यात दुपारची लाईट जायला लागली, कधी एक तास, कधी चार. कूलर बंद. मी फरशी ओली करायचे, खिडक्यांना ओली पोती लावायचे, पुठ्ठ्याने वारा घालायचे. माझा हात दुखायचा पण तो माझ्याकडे बघत असायचा म्हणून मी थांबायचे नाही. एक दिवस दुपारी तो उठेना. धाप लागलेली, जीभ बाहेर, लांबलचक, डोळे अर्धे. मी पोट पुसलं, पंजे पुसले, पाणी बोटाने तोंडाला लावलं. कागदातलं सगळं केलं. आणि मग मला दत्तू दिसला.

माझ्या कमरेला कांदा होताच. मी शहरात आले तरी उन्हाळ्यात तो खोचल्याशिवाय घराबाहेर पडत नव्हते. मी तो फोडला, ठेचला, त्याच्या चारही पंजांना रस चोळला, आणि थोडा दह्यात कालवून बोटाने त्याच्या तोंडात घातला. त्याने तोंड फिरवलं. मी म्हणाले घे रे राजा, औषध आहे. त्याने घेतलं. माझ्या हातून दिलेलं तो टाकायचा नाही. मग पंजे चाटत बसला. आणि ताई, दिवस मावळता मावळता तो उठला. शेपटी हलवली, पाणी प्यायला, परळातलं सगळं. आता मला कळतं की ऊन उतरलं म्हणून तो उठला. तेव्हा मला वाटलं आईचा कांदा चुकत नाही.

तेव्हापासून मी रोज द्यायला लागले. अर्धा कांदा किसून दहीभातात. त्याला वास कळू नये म्हणून वर तूप. मी स्वतः कोरडी पोळी खाल्ली असेल पण त्याचं तूप चुकवलं नाही.

पाच-सहा दिवस बरा होता. मग हळूहळू गळायला लागला. फिरायला नेलं तर फाटकापाशी बसायचा. एक पायरी आहे घरात शिरताना, ती चढायच्या आधी उभा राहायचा, जसे म्हातारे उभे राहतात तसा. मी म्हणाले ऊन बाधलं. मग एका सकाळी त्याने मागच्या फरशीवर लघवी केली आणि ती लाल, काळपट लाल, कोकमाच्या आगळासारखी. मी घाबरले, पण मला वाटलं ही तर उन्हाळी लागली. माणसालाही लागते, आम्हाला चाळीवर सगळ्यांना लागायची. मी धने-जिऱ्याचं पाणी केलं, सब्जा भिजवला. आणि कांदा अर्ध्याचा एक केला.

हे लिहिताना माझा हात थांबतो ताई. पण तुम्ही म्हणालात सगळं सांग.

त्या संध्याकाळी काकांचा फोन आला, जिमीराव काय म्हणतात. मी म्हणाले बरा आहे. त्यांचे टाके अजून ओले होते, कशाला जिवाला घोर लावायचा. फोन पुढे धरला तर त्याने मान उचलली नाही, कान तेवढा हलवला.

दुसऱ्या दिवशी यांना बोलावलं, मी म्हणाले रिक्षा आणा. हे आले, त्याला उचलून म्हणाले अगं हा तर हलका झालाय. मी त्याला मांडीवर घेऊन बसले, पंजे ओल्या फडक्याने पुसत गेले. दवाखान्यात सगळी गर्दी, मोठमोठी कुत्री, त्यांचे मालक, चांगल्या घरातले लोक. डॉक्टर मुलगीच होती, माझ्या पोरीच्या वयाची, भली. तिने जिमीचा ओठ वर केला आणि हिरड्या बघितल्या. कागदासारख्या पांढऱ्या. मी नऊ दिवस त्याला वारा घालत होते, पंजे पुसत होते, ओठ वर करून बघायचं मला कुठं माहीत. ती म्हणाली मावशी, ह्याने काय खाल्लं? मी सांगितलं, दहीभात, ताक, कलिंगड, तूप. ती म्हणाली औषध काही दिलं? उंदराचं औषध घरात ठेवलंय का? मी मान हलवली, नाही. मागून एक बाई म्हणाल्या जरा लवकर होईल का. माझ्या कानशिलांना घाम.

आणि मी कांदा बोलले नाही. लपवला नाही हो. खरं सांगते. तिने खाणं विचारलं, कांदा खाणं म्हणून नव्हता दिला. तिने औषध विचारलं, औषध म्हणजे दुकानातलं, बाटलीतलं. कांदा दोन्हीतही बसला नाही. दुसरी कोणी असती तर सहज बोलून गेली असती, अहो ऊन लागू नये म्हणून कांदा देते मी, असं चार गोष्टी बोलताना निघून गेलं असतं. मी चार गोष्टी बोलतच नाही.

डॉक्टरने सलाईन लावली, रक्त काढून घेतलं, म्हणाली गोचिडाचा ताप असेल, ऊनही आहे, रिपोर्ट उद्या सकाळी. थंड जागी ठेवा. मी तेवढंच ऐकलं, ऊनही आहे. घरी येऊन मी पुन्हा एक कांदा किसला. तो खात नव्हता. मी गोळ्या करून एकेक तोंडात सरकवल्या, गळा खाली चोळला, तेव्हा गिळल्या.

सकाळी आम्ही परत गेलो. डॉक्टर रिपोर्ट घेऊन बाहेरच आली. म्हणाली मावशी, कांदा किंवा लसूण गेलंय का ह्याच्या पोटात? मी तिच्याकडे बघितलं. मी कमरेचा कांदा काढला आणि तिच्या टेबलावर ठेवला.

तिने कांद्याकडे बघितलं. मग म्हणाली किती दिवस? मी बोटं दाखवली. ती हळू बोलत होती, मला ते जास्त लागलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली माणसाला चालतो मावशी, कुत्र्याला विष आहे, ह्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात, कच्चा असो की शिजवलेला. तेच रक्त लघवीतून लाल जात होतं. म्हणाली काल सांगितलं असतं तर.  दुसऱ्या कुत्र्याचं रक्त द्यावं लागेल म्हणून तिने दोन-तीन ठिकाणी फोन लावले. आमचे हे बाहेर उभ्या असलेल्या लोकांकडे गेले, हात जोडून, ज्यांची मोठी कुत्री होती त्यांच्याकडे. मी जाऊ शकले नाही. एकजण तयार झाला, चांगला माणूस. त्याच्या कुत्र्याला आत आणेपर्यंत जिमी संपला होता.

जाताना त्याचं डोकं माझ्या हातावर होतं. शेवटी त्याने माझा तळहात चाटला, एकदाच, हळू. त्या हाताला कांद्याचा वास होता.

आम्ही त्याला घरी आणून पेरूच्या झाडाखाली मातीत ठेवला. शेजारचे लोक फाटकाशी आले, म्हणाले काय ऊन आहे हो यंदा, मुक्या जनावरांचे हालच. मी मान हलवली. सगळे तेच म्हणाले आणि मी सगळ्यांना मान हलवली. मान हलवायला बोलावं लागत नाही.

संध्याकाळी फोन आला. मी म्हणाले काका, जिमी गेला.  काका म्हणाले ऊन लागलं का गं? मी म्हणाले हं.

एवढंच. एक अक्षर. माझ्या अख्ख्या जन्मात मी एवढं कमी बोलले आणि त्यातलं हे सगळ्यात मोठं खोटं.

हे मला म्हणाले सांगू नकोस, म्हातारा माणूस आहे, आणि ऊन नव्हतं का, होतंच की. तुझ्या हातचं खायचे नाहीत ते पुन्हा. तू काय जाणूनबुजून केलं का? मी म्हणाले नाही. मग झालं, म्हणाले. हे भले आहेत, त्यांनी माझ्यासाठीच सांगितलं. आणि ते खाण्याचं मला पटलं. काकू गेल्यापासून काका माझ्याच हातचं जेवतात, दुसरीकडे गेले तर पोट बिघडतं म्हणतात. म्हणून मी गप्प राहायचं ठरवलं. मला काय, सवयच.

दोन आठवड्यांनी काका आले. हातात ती चार पायांची काठी. फाटक उघडून उभे राहिले, आत येईनात. मला कळलं की ते भुंकण्याची वाट बघत आहेत. मग त्यांना आठवलं आणि ते आत आले. पाण्याची भांडी तिन्ही ठिकाणी भरलेली होती, परळसुद्धा, मला ती रिकामी ठेवता येईना. काकांनी बघितलं आणि म्हणाले कुसुम, काय केलंस गं तू त्याच्यासाठी.

आणि मग यांच्याकडून ऐकलेलं ते सगळ्यांना सांगायला लागले. शेजारी भेटायला आले, सांगितलं, आमच्या कुसुमने लेकरासारखं केलं, डॉक्टरकडे मांडीवर घेऊन गेली, ह्या उन्हात पुठ्ठ्याने वारा घातला तिने, तिने केलं म्हणून एवढे दिवस तरी काढले त्याने. मुलीला फोनवर सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. मी आत भाकरी थापत असायचे आणि बाहेर माझं कौतुक चालायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी दिली, पुण्याहून आणलेली साडी, फिकट निळी. म्हणाले जिमीकडून समज.

मी पिशवी ओट्यावर ठेवली. मला बोलायचं होतं. तोंड उघडलं, शाळेत उघडायचे तसं, आणि काही येईना. कागद अजून फ्रिजवर होता. काका समोर खुर्चीत. तिथं टेलिफोनच्या वहीजवळ पेन्सिल असते, ती मी घेतली आणि त्यांच्या छापल्यासारख्या अक्षराखाली, जिथं द्राक्षं द्यायची नाहीत असं लिहिलं होतं त्याच्या खाली, मी लिहिलं, कांदा. आणि त्याच्यापुढे लिहिलं, मी दिला. नऊ दिवस.

कागद काढून त्यांच्या हातात दिला. काकांनी वाचला. चष्मा काढला, पुसला, परत वाचला. म्हणाले ऊन नव्हतं? मी मान हलवली. नव्हतं. त्यांनी विचारलं का दिलास? आणि तेव्हा मी बोलले ताई. दत्तूचं सांगितलं, आईचं सांगितलं, तूप घातलं ते सांगितलं, डॉक्टरने विचारलं आणि मी बोलले नाही ते सांगितलं. सगळं उभ्याने सांगितलं. काकांनी मधे एकदाही थांबवलं नाही. शेवटी म्हणाले दूध फ्रिजमध्ये ठेव आणि आज जा तू.

साडीची पिशवी मी तिथंच ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी गेले. म्हटलं दार उघडलं नाही तर परत यायचं. उघडलं. बोलले नाहीत. मी स्वयंपाक करून आले. तिसऱ्या दिवशी गेले तर आदल्या दिवसाचं सगळं तसंच झाकलेलं, पोळ्या वाळलेल्या, आणि ओट्यावर ब्रेडचा कागद. हे म्हणाले होते तसंच. मी ते उचललं आणि नवीन केलं. असे चार दिवस गेले. मी रोज करायचे, रोज उचलायचे. सोडून दे म्हणाले हे. मी म्हणाले त्यांनी सोड म्हटलं की सोडेन. पाचव्या दिवशी गेले तर ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. मी ते हातात घेऊन उभी राहिले थोडा वेळ.

कागद परत फ्रिजवर लागला होता. माझ्या पेन्सिलच्या शब्दांवर काकांनी पेनाने गिरवलं होतं, फक्त कांदा एवढ्यावर. मी दिला, नऊ दिवस, हे त्यांनी खोडलं होतं. खोडरबराने, नीट, कागद न फाटू देता. आणि पुढे आपल्या अक्षरात लिहिलं होतं, द्यायचा नाही, औषध म्हणूनसुद्धा नाही. तोच कागद तुम्ही ताई त्यांच्याकडे आलात तेव्हा पाहिलात, फोटो काढलात, कॉलनीतल्या कुत्र्यांना तुम्ही खायला घालता, तुम्ही विचारलंत हे कांद्याचं कोणी लिहिलं. काका म्हणाले मी लिहिलं, लिहायचं राहून गेलं होतं माझं. मी आत होते. ते त्यांनी माझ्यावरचं उचलून आपल्यावर घेतलं, हे मला सहन होईना, म्हणून तुम्हाला फाटकापाशी गाठून मी म्हणाले मी दिला होता. म्हणून तर तुम्हाला कळलं.

जिमी गेल्यापासून मी त्यांच्या घरात कांदा चिरला नव्हता. टोपलीतले सगळे शेजारी देऊन टाकले. भाजी, आमटी, पिठलं, सगळं बिनकांद्याचं. काका खायचे, काही म्हणायचे नाहीत. पूर्वीसारखं बोलणं नव्हतंच, कोणाला म्हणणार जिमीराव, मीठ जास्त आहे. मागच्या आठवड्यात मी पिठलं हाटत होते आणि ते काठी टेकत स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले कुसुम. महिन्यानंतर नाव घेतलं. मी वळले नाही. म्हणाले पिठल्यात कांदा नाही. मी म्हणाले हं. म्हणाले घाल. आणि वळता वळता म्हणाले, माणसाला चालतो.

शेजारून मागून आणला एक. घातला. त्यांनी दोनदा घेतलं.

माझं असं आहे आता. चार घरची कामं आहेत, पोरीचं बरं चाललंय, यांची रिक्षा आहे. परळ रोज भरते, रस्त्यावरची दोन येतात, तुम्ही खायला घालता त्यातलीच, पाणी पिऊन पेरूखाली बसतात. काका खिडकीतून बघतात आणि बोलत नाहीत, पण परळ रिकामा दिसला तर काठी वाजवतात. ज्यांच्या दारात मुकं जनावर आहे त्यांचे उन्हाळे सुखाचे जावोत, आणि कोणी काय देता म्हणून विचारलं तर त्यांच्या तोंडून सगळं निघो, एवढंच मी मागते.

आमच्या घरातून निघताना हात अजून कांद्याच्या टोपलीकडे जातो. सव्वीस वर्षं इथली आणि त्याआधीची सगळी, सवय आहे ती. टोपलीपर्यंत जातो आणि मी तो मागे घेते. कमरेला कांदा नसतो आता माझ्या. ऊन लागायचं तर लागू दे.